स्टिरॉइडची गोळी : कशासाठी, किती दिवस आणि थांबवायची कशी

आपल्या वस्त्यांत 'स्टिरॉइड' हा शब्द दोन तऱ्हांनी ऐकू येतो. घरात कर्करोगाचा रुग्ण असला आणि डॉक्टरांनी चिठ्ठीवर डेक्सामेथासोन लिहिले की नातेवाईक हळू आवाजात म्हणतात, "स्टिरॉइडवर टाकलंय, म्हणजे आता काही राहिलं नाही." दुसरीकडे अंग दुखले, दम लागला, भूक मेली की शेजारी सांगतात, "मेडिकलमधून डेक्सोनाची पट्टी आण, दोन दिवसांत उठून बसशील." पहिल्या बोलण्यातली भीती चुकीची आहे. दुसऱ्या बोलण्यातला भरवसा जिवावर बेतू शकतो.

कर्करोग शरीरात पसरला असेल, तो पूर्ण बरा होण्याची शक्यता उरली नसेल, तेव्हाही रुग्णाचा त्रास कमी करता येतो. त्या कामी स्टिरॉइड फार उपयोगी आहे. पण ते नेमक्या कारणासाठी द्यावे लागते आणि त्याला तारीख लावावी लागते. कारण माहीत नाही, तारीख ठरलेली नाही, अशी स्टिरॉइडची गोळी घरात महिनोन्‌महिने चालू राहिली तर ती एका त्रासाच्या जागी दुसरे चार त्रास आणून ठेवते. हे कारण आणि ही तारीख डॉक्टरांना कशी विचारायची, घरी काय सांभाळायचे, हे या पानावर आम्ही क्रमाने मांडत आहोत.

हे औषध आहे तरी काय?

आपल्या दोन्ही मूत्रपिंडांच्या टोकावर एकेक छोटी ग्रंथी असते. तिला अधिवृक्क ग्रंथी म्हणतात. ती रोज कॉर्टिसॉल नावाचे द्रव्य तयार करते. रक्तदाब, रक्तातली साखर, आजारपणाचा ताण सोसण्याची ताकद आणि शरीरातली सूज यांवर कॉर्टिसॉलचा ताबा असतो. कारखान्यात तयार केलेली कॉर्टिसॉलसारखी औषधे म्हणजे ही स्टिरॉइड्स. डेक्सामेथासोन, प्रेडनिसोलोन, मिथाइल प्रेडनिसोलोन ही त्यांची नावे. डेक्सोना, वायसोलोन ही दुकानातली नावे. व्यायामशाळेत शरीर फुगवण्यासाठी जी स्टिरॉइड्स घेतली जातात ती वेगळ्या जातीची असतात. त्यांचा या लेखाशी संबंध नाही.

१९४८ साली अमेरिकेतल्या मेयो क्लिनिकमध्ये फिलिप हेंच यांनी सांधेदुखीने जखडलेल्या रुग्णाला कॉर्टिसोन दिले आणि तो रुग्ण काही दिवसांत चालू लागला. या संशोधनासाठी हेंच, केंडॉल आणि राइखश्टाइन यांना १९५० चे नोबेल पारितोषिक मिळाले. पुढे १९६१ मध्ये मिनेसोटा विद्यापीठाच्या डॉक्टरांनी दाखवून दिले की मेंदूतल्या गाठीभोवतीची सूज डेक्सामेथासोनने झपाट्याने उतरते. आजही मेंदूच्या गाठीत हेच औषध वापरतात.

कोविडच्या काळात हे नाव घरोघरी पोहोचले. ऑक्सिजन लागणाऱ्या रुग्णांचे प्राण डेक्सामेथासोनने वाचतात हे २०२० च्या जून महिन्यात सिद्ध झाले. पण २०२१ च्या लाटेत गरज नसताना, जास्त मात्रेत, साखर न तपासता हेच औषध अनेकांना दिले गेले. महाराष्ट्रात काळ्या बुरशीने, म्हणजे म्युकरमायकोसिसने, किती माणसांचे डोळे आणि जबडे गेले हे आपण पाहिले आहे. औषध तेच होते. फरक होता तो कोणाला, किती आणि कशासाठी दिले याचा.

कोणत्या त्रासाला खरा उपयोग होतो?

कर्करोगाच्या गाठीभोवती सूज येते. पुष्कळदा गाठीपेक्षा ही सूजच जास्त त्रास देते. स्टिरॉइड गाठ काढत नाही, तिच्याभोवतीची सूज कमी करते. एवढे लक्षात ठेवले की त्याचे बरेचसे उपयोग समजतात.

मेंदूत गाठ : कवटी म्हणजे चारी बाजूंनी बंद खोली. आत सूज वाढली तर तिला पसरायला जागा नसते. मग सकाळी उठल्यावर डोके ठणकते, उलट्या होतात, गुंगी येते, एक हात किंवा पाय लुळा पडतो. स्टिरॉइडने एक-दोन दिवसांत पुष्कळदा आराम पडतो.

मणक्यातल्या मज्जारज्जूवर दाब : कर्करोग मणक्यात गेला तर गाठ मज्जारज्जूला दाबते. इथे स्टिरॉइड तातडीने सुरू करतात आणि पाठोपाठ किरणोपचार किंवा शस्त्रक्रिया करतात. उशीर झाला तर पाय कायमचे जातात.

नसेवर दाब, यकृताचा ताण : गाठ नसेला दाबत असेल तर वीज चमकल्यासारखी, जळजळणारी वेदना होते. यकृत सुजून त्याचे आवरण ताणले गेले तर उजव्या बरगडीखाली जड दुखते. अशा दुखण्यात मॉर्फिनसारख्या औषधाच्या जोडीला स्टिरॉइड देतात.

छातीतली मोठी शीर किंवा श्वासनलिका दबणे : सकाळी चेहरा आणि मान सुजते, गळ्याच्या शिरा फुगतात, श्वास घेताना आवाज येतो. इथेही सूज उतरवण्यासाठी स्टिरॉइड वापरतात.

मळमळ, उलटी : केमोथेरपीच्या दिवशी उलटीच्या इतर औषधांबरोबर एक-दोन दिवसांसाठी स्टिरॉइड देतात. आतडे गाठीने दबले असेल तरीही काही वेळा देऊन पाहतात.

भूक आणि थकवा : आपल्याकडे सगळ्यात जास्त वेळा याच कारणासाठी स्टिरॉइड दिले जाते आणि गैरसमजही इथेच सगळ्यात जास्त आहेत. २०१३ मध्ये अमेरिकेत झालेल्या अभ्यासात १४ दिवस डेक्सामेथासोन घेतलेल्या रुग्णांचा थकवा नुसती साखरगोळी घेणाऱ्यांपेक्षा कमी झाला. भूकही सुधारते. पण हा फायदा काही आठवड्यांत ओसरतो. वजन वाढले असे वाटते तेव्हा ते बहुधा पाणी आणि चरबी असते, मांस भरत नाही. उलट मांड्यांचे स्नायू झिजू लागतात.

एक गोष्ट नीट समजून घ्यावी. समजा, दिघ्यातल्या एका घरात बाबांना तोंडाचा कर्करोग आहे. महिनाभर ते दोन घासांवर होते. स्टिरॉइड सुरू झाल्यावर चौथ्या दिवशी त्यांनी भाकरी कुस्करून मागितली, उठून दारात बसले. घरच्यांना वाटते, आजार परतला. मग टाटाची तारीख चुकवली जाते, दुखण्याचे औषध बंद होते, कोणी कर्ज काढून बाहेरच्या 'खात्रीच्या' औषधाकडे वळते. आजार परतलेला नसतो. त्रासावर झाकण बसलेले असते. ते चांगले दिवस खरे असतात आणि मोलाचेही असतात. त्या दिवसांत गावाकडचा भाऊ भेटून जावा, बँकेचे आणि खोलीचे कागद लागावेत, नातवाला मांडीवर घेता यावे. या दिवसांचा उपयोग करून घ्यावा, पण त्यांच्यावर नवे कर्ज काढू नये.

रक्ताच्या काही कर्करोगांत आणि लसिकाग्रंथींच्या कर्करोगात, म्हणजे लिम्फोमात, स्टिरॉइड हे खुद्द आजारावरचे औषध असते. तिथे मात्रा आणि दिवस उपचाराच्या आराखड्याप्रमाणे ठरतात. या लेखातले नियम पाहून त्यात फेरफार करू नये.

कुठे फारसा उपयोग होत नाही?

"दम लागतोय, स्टिरॉइड द्या," असे सरसकट म्हणणे बरोबर नाही. २०२२ मध्ये 'लॅन्सेट ऑन्कॉलॉजी' या वैद्यकीय नियतकालिकात एक चाचणी प्रसिद्ध झाली. कर्करोगाच्या रुग्णांना दम्यासारखा त्रास होत असताना मोठ्या मात्रेत डेक्सामेथासोन देऊन पाहिले. साखरगोळीपेक्षा दम जास्त कमी झाला नाही, दुष्परिणाम मात्र जास्त दिसले. श्वासनलिकेवर दाब असेल, फुप्फुसात विशिष्ट प्रकारची सूज असेल तर गोष्ट वेगळी. ते तपासून डॉक्टरांनी ठरवायचे असते.

तसेच दुखण्याचे. नॉर्वेतल्या २०१४ च्या अभ्यासात मॉर्फिनच्या जातीची औषधे घेणाऱ्या रुग्णांना सात दिवस स्टिरॉइड जोडून दिले. त्यांची वेदना अधिक कमी झाली नाही. भूक आणि थकवा मात्र सुधारला. म्हणजे अंगभर दुखते म्हणून मॉर्फिनच्या जागी स्टिरॉइड घ्यावे, हे चूक. दुखण्यावर मॉर्फिन हेच मुख्य औषध राहते.

भुकेसाठी दुसरे मार्गही आहेत. पुद्दुचेरीच्या जिपमर रुग्णालयातल्या डॉक्टरांनी २०२३ मध्ये दाखवले की पोट, यकृत-स्वादुपिंड किंवा फुप्फुसाचा कर्करोग असलेल्या, केमोथेरपी घेणाऱ्या रुग्णांना ओलान्झापिन हे औषध अगदी कमी मात्रेत रोज दिले तर भूक आणि वजन सुधारते. हे औषध कोणाला चालेल ते डॉक्टर सांगतील. भूक बरेच दिवस टिकवायची असेल तर हा पर्याय त्यांना जरूर विचारावा.

पहिला आठवडा हीच परीक्षा

पॅलिएटिव्ह केअरमध्ये, म्हणजे रुग्णाचा त्रास कमी करून त्याला आधार देणाऱ्या उपचारात, एक साधा नियम पाळतात. स्टिरॉइड सुरू करायचे, पाच ते सात दिवस पाहायचे. फायदा दिसला नाही तर थांबवायचे. दिसला तर ज्या कमीत कमी मात्रेत तो टिकतो तिथपर्यंत मात्रा उतरवत आणायची.

म्हणून चिठ्ठी हातात पडताच डॉक्टरांना चार प्रश्न विचारा. हा तुमचा हक्क आहे, यात उद्धटपणा काही नाही.

१. हे कोणत्या त्रासासाठी आहे?
२. किती दिवसांत फरक दिसला पाहिजे?
३. पुन्हा कोणत्या तारखेला दाखवायचे?
४. थांबवायचे झाले तर कसे कमी करायचे?

मात्रेचा अंदाज असावा म्हणून सांगतो : भूक-थकव्यासाठी डॉक्टर साधारणपणे दिवसाला २ ते ४ मिलिग्रॅम डेक्सामेथासोन देतात, कधी ८ पर्यंत. नसेवरच्या दाबासाठी ८ च्या आसपास. मेंदू किंवा मज्जारज्जूवर दाब असेल तर ८ ते १६. हे आकडे चिठ्ठी समजण्यासाठी आहेत, स्वतः गोळ्या मोजण्यासाठी नाहीत.

गोळी घेताना दोन घोटाळे होतात. पहिला, मिलिग्रॅमचा. डेक्सामेथासोनची गोळी अर्ध्या मिलिग्रॅमची मिळते आणि ४ मिलिग्रॅमचीही मिळते. दोन्हींत आठ पटींचा फरक आहे. पट्टीवरचा आकडा प्रत्येक वेळी चिठ्ठीशी जुळवून पाहा. दुसरा घोटाळा, नाव बदलण्याचा. डेक्सामेथासोन ४ मिलिग्रॅम म्हणजे प्रेडनिसोलोन सुमारे २५ मिलिग्रॅम. "ते नव्हतं म्हणून हे दिलं, एकच आहे," असे दुकानदार म्हणाला तर गोळी न घेता आधी डॉक्टरांना विचारा.

घरी काय सांभाळायचे?

वेळ. गोळी सकाळी नाश्त्यानंतर द्या. दोनदा असेल तर दुसरी दुपारी २ च्या आत. संध्याकाळी दिली तर रुग्ण रात्रभर टक्क जागा राहतो आणि त्याच्याबरोबर दहा बाय दहाच्या खोलीतले सगळे घर जागते.

पोट. स्टिरॉइडबरोबर डायक्लोफेनॅक, आयबुप्रोफेन, कॉम्बिफ्लामसारख्या दुखण्याच्या गोळ्या चालू असतील तर जठरात व्रण पडून रक्तस्राव होऊ शकतो. कोणकोणत्या गोळ्या चालू आहेत ते डॉक्टरांना सगळे दाखवा. पोटाच्या संरक्षणाची गोळी लागेल का, ते विचारा.

साखर. स्टिरॉइडने साखर वाढते. मधुमेह नसलेल्यांचीही वाढू शकते. सकाळी गोळी घेतली की साखर मुख्यतः दुपारनंतर चढते. त्यामुळे सकाळची उपाशीपोटीची साखर ठीक आली म्हणून निश्चिंत राहू नये. दुपारच्या जेवणानंतरची किंवा संध्याकाळची तपासावी. फार तहान, वारंवार लघवी, तोंडाला कोरड ही खूण समजावी.

तोंड. जिभेवर, गालाच्या आत पांढरे थर आले, गिळताना आग झाली तर ती बुरशी असते. तोंडाच्या कर्करोगात किरणोपचार झालेल्यांना ती लवकर होते. मीठ किंवा खाण्याचा सोडा घातलेल्या कोमट पाण्याने दिवसातून चार-पाच वेळा चूळ भरावी आणि औषध मागून घ्यावे. भूक गेली असे वाटते तेव्हा कधी कधी भूक असते, तोंड सोललेले असते.

पाय. काही आठवड्यांनी मांड्या आणि खांद्यांची ताकद कमी होते. उकिडवे बसल्यावर उठता येत नाही. आपल्याकडे सार्वजनिक शौचालय भारतीय पद्धतीचे आणि माळ्यावर जायला लोखंडी शिडी. रुग्ण तिथेच पडतो. शौचाला खुर्चीची सोय करावी, झोपण्याची जागा खाली आणावी आणि हे लक्षण डॉक्टरांना सांगावे. मात्रा कमी करण्याचे ते एक कारण असते.

जंतुसंसर्ग. स्टिरॉइडवर असलेल्या माणसाला संसर्ग लवकर होतो आणि तापही चढत नाही. "ताप नाही" म्हणजे सगळे ठीक, असे धरू नये. रुग्णाला पूर्वी टीबी झालेला असेल किंवा घरात कोणाला चालू असेल तर ते आधीच सांगावे, कारण दबलेला टीबी उसळू शकतो. टीबीचे रिफॅम्पिसिन आणि फिटवरचे फेनिटॉइन या औषधांनी स्टिरॉइडचा परिणाम घटतो, म्हणून तीही दाखवावीत. घरात कोणाला कांजिण्या निघाल्या तर रुग्णाला दूर ठेवावे आणि डॉक्टरांना कळवावे.

मन. काही जण चिडचिडे होतात, काही जास्तच उल्हसित होतात, अखंड बोलतात. काहींना नसलेली माणसे दिसतात, संशय येऊ लागतो. घरात लगेच कुजबुज सुरू होते की बाहेरचे काही लागले आहे. लिंबू उतरवण्यात दोन दिवस जातात. ही बाधा नव्हे, गोळीचा परिणाम असतो, क्वचित मेंदूतल्या आजाराचाही. त्याच दिवशी डॉक्टरांना कळवावे. मात्रा बदलली की पुष्कळदा माणूस पहिल्यासारखा होतो.

आणखी एक गोष्ट. गुडघेदुखी, दमा यांवर मिळणाऱ्या, नाव-गाव नसलेल्या 'देशी' पुड्यांत स्टिरॉइड मिसळलेले आढळले आहे. रुग्ण अशी पुडी घेत असेल तर लाजू नका, ती पुडी सरळ डॉक्टरांसमोर ठेवा. नाहीतर दुहेरी मात्रा पोटात जाते.

अचानक बंद करणे का धोक्याचे?

वस्तीत रोज टँकर येऊ लागला की जुनी बोअरवेल कोणी चालवत नाही. मोटार गंजते. मग एके दिवशी टँकर आला नाही तर नळ कोरडा आणि बोअरवेलही बंद. शरीरात असेच घडते. बाहेरून स्टिरॉइड येत राहिले की अधिवृक्क ग्रंथी आपले काम थांबवते. साधारण तीन आठवड्यांपेक्षा जास्त गोळी चालली असेल आणि ती एकदम बंद केली तर ग्रंथी लगेच जागी होत नाही. मग प्रचंड अशक्तपणा, उलट्या, चक्कर येते, रक्तदाब आणि साखर उतरते. माणूस बेशुद्ध पडू शकतो, जीवही जाऊ शकतो. घरच्यांना वाटते, कर्करोगच वाढला.

गोळी अचानक बंद पडण्याची कारणे साधी असतात. गावी लग्नाला गेलो आणि पट्टी संपली. चेहरा सुजला म्हणून सुनेने भीतीने बंद केली. रुग्णाला उलट्या होत होत्या, गोळी पोटात टिकलीच नाही. म्हणून पट्टीत आठवड्याच्या गोळ्या उरल्या की पुढची सोय करावी. उलट्यांमुळे गोळी टिकत नसेल तर दवाखान्यात जावे, तिथे इंजेक्शन देता येते. कोणत्याही कारणाने, अगदी अपघाताने, दुसऱ्या रुग्णालयात जावे लागले तरी पहिले वाक्य हेच सांगावे : "यांना स्टिरॉइड चालू आहे." एका कागदावर औषधाचे नाव, मात्रा आणि सुरू केल्याची तारीख लिहून तो कागद रुग्णाच्या खिशात ठेवावा.

फक्त चार-पाच दिवस घेतलेली गोळी डॉक्टर बहुधा एकदम थांबवतात. जास्त दिवस चाललेली गोळी पायरी-पायरीने उतरवतात. उतरवताना जुना त्रास परत आला तर एक पायरी वर जावे लागते. हा निर्णयही त्यांनाच विचारून घ्यावा.

ताबडतोब निघा

पुढीलपैकी काही दिसले तर सकाळची वाट पाहू नका. १०८ ला फोन करा.

• पाठीत नवे, वाढत जाणारे दुखणे आणि पायांत मुंग्या, बधिरपणा किंवा ताकद कमी होणे, लघवी अडकणे. इथे तासांचा हिशेब असतो.
• डांबरासारखी काळी शी किंवा रक्ताची उलटी.
• चेहरा-मान एकाएकी सुजणे, श्वास घेताना आवाज येणे.
• फिट येणे, शुद्ध हरपणे, बोलण्यात असंबद्धपणा.
• स्टिरॉइड चुकल्यावर उलट्या, चक्कर, हातपाय गार पडणे.

शेवटच्या दिवसांत

रुग्ण गिळेनासा होतो, बराच वेळ झोपून राहतो, तेव्हा स्टिरॉइडचे काय करायचे हा प्रश्न येतो. भूक वाढवण्यासाठी चालू असलेली गोळी तेव्हा बहुधा थांबवतात, कारण शरीराला आता अन्नाची मागणीच राहिलेली नसते. मेंदूतल्या सुजेमुळे डोके दुखत असेल, फिट येत असतील तर तेच औषध इंजेक्शनने चालू ठेवतात. हे डॉक्टरांशी आधीच, रुग्ण बोलता असताना बोलून ठेवावे. शक्य असेल तर रुग्णालाही विचारावे. त्याचे शरीर आहे, त्याचा शब्द पहिला.

स्टिरॉइड थांबवले म्हणून माणूस गेला, असे मनात धरून अनेक मुले, अनेक सुना वर्षानुवर्षे कुढतात. डॉक्टरांच्या सल्ल्याने, रुग्णाचा त्रास वाढू न देता थांबवलेली गोळी मृत्यूचे कारण नसते. कारण आजार असतो.

नवी मुंबईत कुठे विचारायचे?

परळचे टाटा मेमोरियल रुग्णालय १९४१ पासून चालू आहे. तिथे पॅलिएटिव्ह मेडिसिनचा स्वतंत्र विभाग आहे. आपल्याला जवळचे म्हणजे खारघरचे टाटाचे केंद्र, अॅक्ट्रेक. ऐरोली, रबाळे, तुर्भेकडून पनवेलच्या गाडीने खारघर स्टेशनला थेट जाता येते. टाटाची फाईल असलेल्यांनी पुढच्या तारखेला "पॅलिएटिव्ह केअरच्या डॉक्टरांना भेटायचे आहे" असे स्पष्ट सांगावे. तिथे पाठवले म्हणजे हात झटकले, असा अर्थ नाही. केमोथेरपी चालू असतानाही ही सेवा घेता येते.

साखर, रक्तदाब तपासायला दर वेळी खारघर-परळ गाठायची गरज नाही. महापालिकेचे नागरी आरोग्य केंद्र किंवा वाशीचे महापालिका रुग्णालय त्यासाठी जवळ आहे. टाटाचा कागद मात्र सोबत न्यावा. घरी सांभाळणे अशक्य झाले तर वांद्र्याचे शांती अवेदना सदन आहे. १९८६ मध्ये सुरू झालेले हे देशातले पहिले असे केंद्र, तिथे शेवटच्या टप्प्यातल्या कर्करुग्णांची सेवा विनामूल्य केली जाते. औषधांसाठी जनऔषधी दुकानात विचारावे. स्टिरॉइड हे स्वस्त औषध आहे आणि म्हणूनच ते चिठ्ठीशिवाय आणण्याचा मोह होतो. कायद्याने ते चिठ्ठीवरच मिळायला हवे. जुन्या चिठ्ठीवर महिनोन्‌महिने पट्ट्या आणू नका.

वहीचे एक पान

मुलांच्या जुन्या वहीत एक पान आखा. रोज सकाळी घरातल्या शिकत्या मुलाने किंवा मुलीने रुग्णाला विचारून भरावे. तारीख. गोळीचे नाव आणि मिलिग्रॅम. ज्या त्रासासाठी गोळी आहे त्याला ० ते १० पैकी किती गुण, ० म्हणजे त्रास नाही, १० म्हणजे सहन होत नाही. किती खाल्ले. झोप कशी झाली. साखर तपासली असेल तर आकडा आणि वेळ. सात दिवसांनी हे पान डॉक्टरांपुढे ठेवा. "बरं वाटतंय" किंवा "तसंच आहे" यापेक्षा या सात ओळी त्यांना जास्त सांगतात आणि गोळी चालू ठेवायची की उतरवायची हे दोन मिनिटांत ठरते.

वाचून झाल्यावर घरात विचारून पाहा

प्रश्न : आईला भूक लागावी म्हणून गोळी दिली आहे. दहा दिवस झाले, काहीच फरक नाही. पुढची पट्टी आणावी का?
उत्तर : आधी डॉक्टरांना दाखवा. फायदा नसलेली गोळी चालू ठेवली तर नुसते दुष्परिणाम पदरात पडतात.

प्रश्न : गोळी दोन महिने चालू आहे. चेहरा सुजला. आज बंद करावी का?
उत्तर : स्वतःहून नाही. कशी उतरवायची ते विचारून पायरी-पायरीने.

प्रश्न : सकाळची साखर ११० आली. काळजी मिटली का?
उत्तर : नाही. दुपारच्या जेवणानंतरची किंवा संध्याकाळची पाहा.

प्रश्न : शेजारच्या काकांना कर्करोगात डेक्सोनाने आराम पडला. आमच्या बाबांना द्यावी का?
उत्तर : काकांची सूज कुठे होती, बाबांचा त्रास कशाने आहे, हे पाहिल्याशिवाय नाही. त्यांची गोळी त्यांच्यासाठी.

घरात असा रुग्ण असेल तर हे पान फाडून औषधांच्या डब्यात ठेवा. शेजारी असेल तर रविवारी विहारातून परतताना त्यांच्या दारी थांबा आणि वर दिलेले चार प्रश्न त्यांना वाचून दाखवा. पुढच्या तारखेला रुग्णाबरोबर जाणारे कोणी नसेल तर आपल्यापैकी एकाने जावे.